कोबेहून ओसाकाला जायचे कसे?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आमच्या चिटणीसबाईंनी मला जपानवर बोलायला सांगितले, तेव्हा मी त्यांना स्पष्टच म्हटले, "बाई, मी जपान पाहिला नाही." 2024 च्या उन्हाळ्यात मी दोन महिने तिथे राहून आले, पण फुजी पर्वत पाहिला नाही, चेरीची फुले पाहिली नाहीत आणि तोक्योचे तर दर्शनही घडले नाही. मी पाहिली ती एका शहरातून शेजारच्या शहरात जाणारी आगगाडी, आणि तीही जवळजवळ पाच आठवडे, रोजच्या रोज. त्यावर चिटणीसबाई म्हणाल्या, "मग त्या गाडीवरच बोला." तेव्हा जे काय ऐकायला मिळेल त्याचा दोष त्यांच्याकडे.

आपण डोंबिवलीच्या बायका. गाडी कोणती धरावी हे आपल्याला कोणी शिकवायला नको. ज्यांचे माहेर गिरगावात आहे त्यांना विचारा. दादरला उतरून, पूल चढून, गर्दीतून पलीकडे जाऊन चर्नी रोडची गाडी धरायची, की मुंबईपर्यंत बसून जाऊन पुढे टॅक्सी करायची, हा हिशेब त्या हातात सामान किती आणि कडेवर मूल आहे की नाही, हे पाहून करतात. मलाही हे सगळे येत होते. पण परमुलखात गेल्यावर मी ते विसरले, आणि त्याची शिक्षा मला पहिल्याच दिवशी मिळाली.

माझी लेक आणि जावई कोबेला राहतात. लेकीची नोकरी ओसाकाला. बाळंतपण सप्टेंबरच्या मध्यावर व्हायचे होते, म्हणून मी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात डिंक, आळीव आणि बाळंतविडा घेऊन पोचले. आणि आठवडाभरातच कचेरीत असताना तिला बरे वाटेनासे झाले. तिथल्या तिथे ओसाकाच्याच एका रुग्णालयात तिला नेले आणि दिवस भरायच्या सात आठवडे आधी शस्त्रक्रिया करून मुलगा झाला. वजन पावणेदोन किलो. नऊ दिवसांनी लेकीला घरी सोडले, पण बाळाला ठेवून घेतले. घर कोबेला, बाळ ओसाकाला, लेकीच्या पोटावर टाके, आणि जावयांची रजा संपलेली. डॉक्टरांनी सांगितले होते की अशा मुलाला आईच्या दुधासारखे औषध नाही. तेव्हा लेकीने घरी दूध काढायचे, लहान लहान पिशव्यांत घालून, वर तारीख आणि वेळ लिहून गोठवायचे, आणि कोणीतरी ते न वितळता रुग्णालयात पोचवायचे, असे ठरले. हे 'कोणीतरी' म्हणजे मी. ऑगस्ट महिना, आपल्या मे महिन्यासारखा उकाडा, हातात बर्फाची पिशवी, आणि जपानी भाषेतला 'आरिगातो' हा एकच शब्द येणारी मी.

आता रस्ता सांगते. कोबे आणि ओसाका ही दोन मोठी शहरे. त्यांत अंतर तीसबत्तीस किलोमीटर, म्हणजे आपले बोरीबंदर ते ठाणे. आपली पहिली गाडी 1853 साली याच अंतरावर धावली. त्यांची कोबे-ओसाका गाडी 1874 सालची. पण आज तिथे एक सोडून तीन रेल्वे शेजारीशेजारी धावतात. उत्तरेला डोंगर, दक्षिणेला समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत या तिघी. डोंगराच्या पायथ्याने जाते ती हांक्यू. मधून जाते ती जेआर, म्हणजे पूर्वीची सरकारी रेल्वे. समुद्राच्या बाजूने जाते ती हानशिन. तिघींचीही कोबेतली मुख्य स्टेशने सान्नोमिया या भागात, एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर. 'कोबे' नावाचे स्टेशन निराळेच आहे आणि शहराचा मध्य तिथे नाही, हे नव्या माणसाने ध्यानात ठेवावे. ओसाकाकडे तर आणखी गंमत. एकाच चौकाभोवतीच्या स्टेशनांपैकी जेआरचे नाव ओसाका, बाकी दोघींची नावे ओसाका-उमेदा, आणि जमिनीखाली भुयारी रेल्वेची आणखी तीन उमेदा. नाव उमेदा, पण त्या भुयारांत शिरल्यावर चांगल्या चांगल्या माणसाची उमेद खचावी!

जावयांनी मोबाईलवर पाहून सांगितले, "आई, तुम्ही जेआरने जा. सर्वांत जलद तीच." ते खरेच आहे. जेआरची शिनकाइसोकु नावाची जलद गाडी सान्नोमियाहून ओसाकाला एकवीसबावीस मिनिटांत पोचते, मध्ये फक्त दोन ठिकाणी थांबते. हांक्यूच्या जलद गाडीला सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटे लागतात, हानशिनला तीसबत्तीस. तिकीट त्या वेळी जेआरचे 420 येन आणि बाकी दोघींचे 330, म्हणजे आपले साधारण पावणेदोनशे रुपये. बुलेट ट्रेनचे म्हणाल तर तीही आहे, आणि ती पाव तासाच्या आत नेते. पण तिची दोन्ही स्टेशने शहराच्या मध्यापासून बाजूला. तिथवर जायला एक गाडी, तिथून यायला दुसरी, आणि भाडे कितीतरी पट. हौसेसाठी ठीक आहे.

पहिल्या दिवशी मी जेआरच्या फलाटावर गेले, जलद गाडीची पाटी पाहिली आणि चढले. गाडी मोठी सुरेख, झपाट्याने निघाली. थोड्या वेळाने डाव्या हाताला समुद्र दिसू लागला. मला वाटले, वा! मग एक प्रचंड झुलता पूल दिसला, आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण तो पूल जावयांनी आदल्या रविवारी फोटोत दाखवला होता आणि तो ओसाकाच्या बरोबर उलट दिशेला आहे. शिनकाइसोकु दोन्ही दिशांना धावते, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. आणि जलद गाडीचा गुण तोच तिचा अवगुण. चुकून चढलात तर ती तुम्हांला चुकीच्या दिशेनेही जलदच नेते. मध्ये उतरू म्हटले तर ती थांबतच नाही. आकाशी स्टेशनावर उतरले, समोरच्या तरुण मुलीला मोबाईलवर रुग्णालयाचे नाव दाखवले. तिने मला दुसऱ्या फलाटावर नेऊन गाडीत बसवून दिले आणि माझ्या पिशवीकडे पाहून वाकून नमस्कार केला. काय समजली असेल ती, कोण जाणे.

ओसाकाला उतरल्यावर पुढचा प्रवास होताच. रुग्णालय शहराच्या दक्षिण भागात, उएहोम्माची स्टेशनाजवळ. म्हणजे ओसाका स्टेशनातून बाहेर पडून भुयारांतून हिगाशी-उमेदा शोधायचे, तिथून भुयारी रेल्वे, मग पुन्हा जिने आणि चालणे. त्या दिवशी मी पोचले ती घामाघूम होऊन, दीड तास उशिराने. वरच्या दोन पिशव्यांतले दूध सैल झाले होते. परिचारिकेने त्या हातात घेऊन पाहिल्या, बाजूला ठेवल्या, आणि बाकीच्या आत नेल्या. ती एक शब्दही बोलली नाही. पण त्या दोन पिशव्या माझ्या लेकीने रात्री दोन वाजता आणि पहाटे पाच वाजता उठून भरल्या होत्या. घरी आल्यावर मी तिला ते सांगितले नाही. आज पहिल्यांदाच बोलते आहे.

त्या संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू विचारपूस करायला आल्या. साठीच्या पुढच्या, जन्मापासून कोबेत राहिलेल्या. लेक मध्ये बसून दोघींचे बोलणे एकमेकींना सांगत होती. काकू स्वतः हांक्यूच्या अभिमानी. ती गाडी आहेही तशीच देखणी. बाहेरून गडद तपकिरी-लालसर रंग, आत लाकडासारख्या भिंती आणि हिरव्या मऊ बैठका. ती रेल्वे काढणारे कोबायाशी इचिझो हे मोठे हिकमती गृहस्थ. रुळांच्या कडेने घरे बांधून हप्त्यांवर विकली, बायकांनीच सगळ्या भूमिका करायच्या अशी ताकाराझुकाची नाटकमंडळी काढली, तिचा पहिला प्रयोग 1914 सालचा, आणि 1929 साली उमेदा स्टेशनातच मोठे दुकान थाटले. गाडी आहे म्हणून माणसे येतील असे न म्हणता, माणसांना यायला कारण दिले. हे ऐकून मला वाटले, आता काकू हांक्यूनेच जा म्हणणार.

पण त्यांनी विचारले, "तुम्हांला ओसाकाला जायचे आहे की उएहोम्माचीला?"

भगिनींनो, हा प्रश्न आमच्या घरात कोणी विचारलाच नव्हता! काकूंनी कागद घेतला. वर डोंगर काढला, खाली समुद्र, मध्ये तीन रेघा. मग सर्वांत खालच्या, हानशिनच्या रेघेला आमागासाकीपाशी एक फाटा काढला. हा फाटा 2009 साली नांबापर्यंत पुढे नेला, आणि तेव्हापासून सान्नोमियात बसलेली बाई ओसाकाच्या दक्षिण भागातून थेट नारापर्यंत गाडी न बदलता जाते. वाटेत रेल्वे बदलते, चालक उतरतो आणि दुसऱ्या कंपनीचा चढतो, पण प्रवासी जागचे हलत नाहीत. आणि उएहोम्माची त्याच वाटेवर! तीन रेल्वेंतली सर्वांत धीमी म्हणून जी आम्ही आधीच बाद केली होती, तीच आमच्या दाराशी नेणारी निघाली. पाऊण तासाच्या आसपास वेळ, एकच गाडी, एकदा चढायचे, एकदा उतरायचे. शिवाय दोन्हीकडे लिफ्ट. जेआरची एकवीस मिनिटे पुढच्या भुयारांनी केव्हाच खाऊन टाकली असती.

दुसऱ्या दिवसापासून मी त्या गाडीने जाऊ लागले. दिवसा ती वीसेक मिनिटांनी असते. डब्यात कोणी मोठ्याने बोलत नाही, फोनवर तर नाहीच. आपल्या सवयीला ते जड जाते, पण दुधाची पिशवी मांडीवर धरून डोळे मिटून बसायला बरे. बायकांचा निराळा डबा हवा असेल तर तो जेआरच्या धीम्या गाड्यांत दिवसभर असतो, जलद गाडीत नाही, हेही जाता जाता सांगून ठेवते. आणखी एक. तिथे एकच कार्ड सगळ्या रेल्वेंना चालते. त्याचे नाव इकोका. तिकडच्या बोलीत त्याचा अर्थ 'जायचं का?' असाही होतो म्हणे. मला ते नाव फार आवडले.

पण हानशिनला एक खोड आहे. तिच्या वाटेवर कोशिएन हे बेसबॉलचे मैदान लागते. 1924 साली बांधलेले, म्हणजे मी गेले त्याच वर्षी त्याला शंभर वर्षे झाली. ऑगस्टमध्ये तिथे साऱ्या जपानातल्या शाळकरी मुलांचे सामने असतात. त्या दिवसांत सकाळी गाडी अशी भरते की आपली सहा-अठराची आठवावी. दोनदा मला उभे राहावे लागले. मग मी काकूंच्या सांगण्यावरून वेळ बदलली, आणि सामन्याच्या दिवशी दोन गाड्या सोडून तिसरी धरू लागले. उत्तम मार्गसुद्धा रोज उत्तम नसतो.

8 ऑगस्टला दक्षिणेकडे क्यूशूजवळ समुद्रात भूकंप झाला. कोबेला काही झाले नाही, पण सरकारने आठवडाभर विशेष सावध राहण्याची सूचना दिली. दुसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा काकू दारात उभ्या. त्यांनी माझ्या पिशवीत पाण्याची बाटली, एक शिट्टी आणि तो तीन रेघांचा कागद घातला. मग त्यांनी 17 जानेवारी 1995 ची पहाट सांगितली. पावणेसहाला धरणी हलली, सहा हजारांहून अधिक माणसे गेली, त्यांत त्यांचे दीर-जाऊ होते. तिन्ही रेल्वे मोडून पडल्या. जेआर 1 एप्रिलला पुरती सुरू झाली, हांक्यू 12 जूनला आणि हानशिन 26 जूनला. तोवर माणसे चालू असेल तिथवर गाडीने, पुढे बसने, पुढे पायी, अशी जात होती. काकूंच्या सासूबाई ओसाकाच्या रुग्णालयात होत्या आणि काकू डबा घेऊन अशाच जात. म्हणूनच त्यांनी माझ्या दुधाच्या पिशवीकडे पहिल्या दिवसापासून पाहिले होते, हे मला तेव्हा कळले. त्या म्हणाल्या, "गाडी बंद पडली तर घाबरू नका. डोंगर नेहमी उत्तरेला. एक रेघ बंद असली तर डोंगराकडे किंवा समुद्राकडे चालत जा, दुसरी रेघ सापडेल. तिन्ही बंद असल्या तर डोंगर उजव्या हाताला ठेवून चालत राहा, कोबे येईल." परतताना पश्चिमेला तोंड असते, तेव्हा डोंगर उजवीकडे. मी ते वाक्य पाठ केले. रोज गाडीत बसले की आधी खिडकीतून डोंगर पाहायचा, हा माझा नेम झाला.

सुदैवाने तशी वेळ आली नाही. ऑगस्टच्या शेवटी लेकीला बाहेर पडायची परवानगी मिळाली. जावई म्हणाले, टॅक्सी करू. लेक म्हणाली, "नको, आईच्या गाडीने जाऊ." मी तिला लिफ्ट कुठे, कोणत्या दारापाशी उभे राहायचे, सगळे दाखवत नेले. परदेशात दहा वर्षे राहिलेल्या लेकीला डोंबिवलीची आई गाडी दाखवते आहे! आत आईबापांनाच सोडत, त्यामुळे मी रोज दारावरच्या बाईंकडे पिशवी देऊन परतत असे. त्या दिवशी मात्र बाळाला काचेपाशी आणले आणि मी त्याला पहिल्यांदा धड पाहिले. वजन अडीच किलोच्या जवळ आले होते.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो घरी आला. त्याच गाडीने, सकाळची गर्दी ओसरल्यावर. सान्नोमियाला उतरलो तेव्हा काकू फलाटावर आल्या होत्या.

तो तीन रेघांचा कागद मी इथे आणला आहे. आपल्यापैकी ज्यांच्या मुली-सुना तिकडे आहेत त्यांनी तो चहाच्या वेळी पाहावा, हवा तर उतरून घ्यावा. फक्त त्यावर वरच्या कोपऱ्यात जो डाग आहे तो दुधाचा आहे, तो पुसायचा प्रयत्न कोणी करू नये.