पेटी एक, मुले दोन

(स्नेही मंडळाच्या सभेत दिलेले भाषण)



आपल्या मंडळ्यांत गाण्याला किती मान आहे, हे मी सांगायला नको. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग-कीर्तनाच्या वाटेने सुवार्ता गावोगाव नेली. पण गाण्याच्या तासाला सगळी मुले बसतात का? जव्हार-डहाणूकडच्या पाड्यांवर फिरताना मी पाहते, पेटी निघाली की बहिऱ्या मुलीला पाणी भरायला धाडतात. ज्याचा हात लुळा, तो दाराशी बसून राहतो. यात कोणाचा दुष्टपणा नसतो. “त्याला काय कळणार?” एवढेच.

पेटीचेच घ्या. एका हाताने भाता, दुसऱ्याने पट्ट्या. एकच हात चालत असेल तर शेजारी दुसरे मूल बसवा. भाता त्याने मारायचा, सूर याने धरायचे. वीज येण्यापूर्वी युरोपातल्या चर्चमध्ये ऑर्गनचा भाता दुसराच माणूस मारत असे. वाजवणाऱ्याला त्यावरून कोणी अपंग म्हटले नाही!

दृष्टिहीन मुलाला पेटी फार लवकर वश होते. काळ्या पट्ट्या दोन-तीन, दोन-तीन अशा गटांत असतात, त्या बोटांना लागतात. दोन काळ्यांच्या डावीकडची पांढरी म्हणजे पांढरी एक, तिथून मोजत जायचे. ब्रेलमध्ये संगीतलिपीही आहे. लुई ब्रेल स्वतः पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. तरी पहिल्याच महिन्यात लिपीच्या मागे लागू नये, असे माझे मत आहे. ज्यांना समजायला वेळ लागतो, त्यांच्यासाठी पट्ट्यांवर कपाळाच्या रंगीत टिकल्या चिकटवाव्यात. आठवडाभर एकच ओळ, क्रम रोज तोच.

बहिऱ्या मुलांविषयी मात्र लोक माझ्याशी वाद घालतात. स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनी वयाच्या १२ व्या वर्षापर्यंत जवळजवळ पूर्ण बहिऱ्या झाल्या, आणि तालवाद्ये वाजवून जगप्रसिद्ध झाल्या. त्या अनवाणी वाजवतात, थरथर पायांतून घेतात. आपल्याकडे ढोल आहे. मुलीचा तळहात ढोलाच्या लाकडाला लावा, तिला लाकडी फळीवर अनवाणी उभी करा. शेणाने सारवलेल्या जमिनीत थरथर जिरते, फळीत ती टिकते. आणि तारपा नाच तर वारल्यांनी जणू याचसाठी ठेवला आहे. हात एकमेकांत गुंफलेले, शेजारणीचे पाऊल वळले की आपलेही वळते. कान नसले तरी ती साखळीत असते.

मार्कच्या ७ व्या अध्यायातला बहिरा आठवा. प्रभूने त्याला गर्दीतून बाजूला घेतले, कानांत बोटे घातली, जिभेला स्पर्श केला. ज्याला ऐकू येत नाही, त्याच्याशी प्रभू आधी हातांनी बोलला.

नाताळच्या गाण्यांची तयारी लवकरच सुरू होईल. कोणाच्या माळ्यावर जुनी पेटी पडून असेल तर द्या. भाता फाटका असला तरी चालेल, तो दुरुस्त करता येतो. आणि ज्यांना वाजवता येते त्यांनी महिन्यातला एक शनिवार द्यावा. पेटीपेक्षा मला त्याची गरज जास्त आहे.