उंदराची साखर आणि आपली साखर

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



इंदूरसारख्या गोडखाऊ गावात प्रसादाचा मोदक हातात घेताना “मला शुगर आहे हो” म्हणणारे प्रत्येक घरी भेटतात. लगेच कुणी जांभळाच्या बियांची पूड सुचवतं, कुणी कारल्याचा रस, कुणी गुडमार. “उंदरांवर सिद्ध झालंय” असंही ठासून सांगितलं जातं. आम्ही डॉक्टर नाही. सरकारी प्रयोगशाळेचं प्राणिगृह सांभाळणारी माणसं. तेव्हा हा प्रयोग कसा होतो आणि त्यातून काय कळतं, तेवढं सांगतो.

आधी वनस्पती सावलीत वाळवून दळतात आणि अल्कोहोलमध्ये किंवा पाण्यात तिचा अर्क काढतात. इकडे धडधाकट उंदरांना मधुमेह मुद्दाम आणावा लागतो. त्यासाठी स्ट्रेप्टोझोटोसिन टोचतात. ते स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारतं. मरणाऱ्या पेशींतलं इन्सुलिन एकदम रक्तात उतरतं, म्हणून सुरुवातीला ग्लुकोजचं पाणी ठेवतात. नाहीतर साखर घसरून उंदीर दगावतो. तीन दिवसांनी शेपटीतून थेंबभर रक्त घेऊन साखर मोजतात. साधारण 250 च्या वर गेलेले उंदीर प्रयोगात घेतात. हे उंदीर सारखं पाणी पितात, पिंजऱ्यातला भुसा सारखा ओला होतो, आणि खाऊनही ते वाळत जातात.

मग सहा-सहांचे गट पाडतात. एक निरोगी, एक मधुमेही पण औषधाविना, एक नेहमीच्या गोळीवरचा आणि दोन अर्काच्या कमी-जास्त मात्रेवरचे. 21 किंवा 28 दिवस रोज नळीने औषध पाजायचं, वजन आणि साखर टिपायची. शेवटी उंदीर मारून स्वादुपिंडाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. हे मनाला येईल तसं करता येत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा आहे. किती प्राणी आणि कशासाठी, हे नैतिकता समितीपुढे मांडून आधी परवानगी घ्यावी लागते.

आता साखर उतरली असं धरू. पण या उंदराच्या पेशीच मारलेल्या असतात. आपल्याकडच्या बहुतेकांचा मधुमेह टाइप 2 असतो. त्यात इन्सुलिन असतं, पण ते पुरेसं काम करत नाही. म्हणजे आजारच हुबेहूब तोच नाही.

दुसरी गोष्ट मात्रेची. उंदराला किलोमागे 400 मिलिग्रॅम अर्क दिला, तर रूढ हिशेबाने 60 किलोच्या माणसाला रोज सुमारे चार ग्रॅम होतो. तोही अर्क, पूड नव्हे. शंभर ग्रॅम पुडीतून दहा ग्रॅम अर्क निघतो असं धरलं, तर रोज चाळीस ग्रॅम पूड झाली! चमचाभर पुडीवर त्या प्रयोगाचा शिक्का मारता येत नाही. आणि गोळीबरोबर असं काही घेतल्यावर साखर एकदम उतरली, तर तो वेगळाच धोका.

म्हणून वनस्पती निरुपयोगी का? मुळीच नाही. मेटफॉर्मिनचं मूळ गॅलेगा या युरोपातल्या वनस्पतीत सापडतं. त्या वनस्पतीतलं द्रव्य विषारी ठरलं, पण त्याच कुळातलं मेटफॉर्मिन 1922 मध्ये प्रयोगशाळेत तयार झालं. फ्रान्सच्या जाँ स्टर्न यांनी माणसांवरचा त्याचा उपयोग 1957 मध्ये प्रसिद्ध केला. मध्ये पस्तीस वर्षं गेली. जांभूळ, मेथी, आपल्या पत्रीतला बेल, या सगळ्यांवर उंदरांत काम झालं आहे. पण ती पहिली पायरी आहे. माणसांवरच्या चाचण्या वरच्या पायऱ्यांवर.

तेव्हा एवढंच मागणं : कारलं जरूर खा, पण गोळी आणि इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नका. पूड, काढा काही घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. दर तीन महिन्यांची तपासणी चुकवू नका.

बाप्पाच्या पायाशी बसणारा हा मूषक प्रयोगशाळेत आपल्यासाठी जीव देतो. तो जेवढं सांगून गेला, तेवढंच आपण ऐकावं. त्याच्या नावावर जास्त काही खपवू नये.

गणपती बाप्पा मोरया!