परराष्ट्रविद्या आणि खानदेशचा विद्यार्थी



आजचा विषय जाहीर झाल्यावर येथील एका सद्गृहस्थांनी आम्हांला रस्त्यातच थांबवले. म्हणाले, "सर, पोरगी बारावी झाली. म्हणते, आंतरराष्ट्रीय संबंधांची पदवी घेईन. बाहेरगावच्या खासगी विद्यापीठाची फी ऐकली आणि दोन बिघे विकावे लागतील असे दिसले. ही विद्या आहे तरी काय, आणि ती शिकून पोरीने करायचे काय?" प्रश्न रोखठोक होता. त्याचे उत्तर द्यावे, एवढ्याच हेतूने आम्ही येथे उभे आहोत.

प्रथम ही विद्या आपल्या दारापर्यंत येते की नाही ते पाहू. १८६१ साली अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण प्रांतांत यादवी युद्ध जुंपले. उत्तरेने दक्षिणेची बंदरे कोंडली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि त्या गिरण्यांची नजर आपल्याकडे वळली. खानदेशच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळला, मुंबईचे सट्टेबाज बुडाले. आणि भाव असाच राहील या भरवशावर ज्या कुणब्यांनी सावकाराचे कर्ज काढले होते, त्यांच्या गळ्याला फास बसला. ज्या युद्धाने आपल्या आजोबा-पणजोबांना चार वर्षे वर चढवले आणि मग खाली आपटले, ते कोठे आणि कशासाठी चालले होते, हे त्यांतील किती जणांना ठाऊक होते?

तो काळ जुना म्हणावा, तर २०२५ सालचे पाहा. ऑगस्ट महिन्यात अमेरिकेने भारतीय मालावरची जकात ५० टक्क्यांपर्यंत चढवली. आपल्या कापड धंद्याला धक्का बसणार होता; त्याला कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून आपल्या सरकारने त्याच महिन्यात परदेशी कापसावरचा ११ टक्के आयातकर तात्पुरता उठवला, आणि ती सवलत पुढे वर्षअखेरपर्यंत वाढवली. म्हणजे नेमका आपला नवा कापूस घरात यावा, त्या दिवसांत. वॉशिंग्टनला एका कागदावर सही झाली आणि खानदेशातल्या कापूस उत्पादकाची झोप उडाली. केळीचेही तेच. केळीला पालाश भरपूर लागते. आपल्या देशाला ते बाहेरून आणावे लागते, आणि जगाच्या बाजारात रशिया व बेलारूस हे त्याचे मोठे पुरवठादार. २०२२ साली युक्रेनवर रशियाचे सैन्य चालून गेले आणि पालाशाचे दर जगभर भडकले. त्याच युद्धात वैद्यक शिकायला गेलेली आपली हजारो भारतीय मुले अडकली. त्यांना 'ऑपरेशन गंगा' या मोहिमेने शेजारच्या देशांतून परत आणावे लागले.

तेव्हा परराष्ट्रसंबंध हा दिल्लीच्या साहेबलोकांचा विषय, हा आपला समज खोटा आहे. याच जिल्ह्यातील फैजपूरला १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. समोर शेतकऱ्यांचा समुदाय. आणि अध्यक्ष जवाहरलाल नेहरू स्पेनच्या यादवीविषयी आणि इटलीने गिळलेल्या अबिसिनियाविषयी बोलले. खेडुतांना हे कशाला सांगायचे, असे त्यांना वाटले नाही.

त्याहून मागे जाऊ. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी आज्ञापत्र लिहिले. त्यात टोपीकर व्यापाऱ्यांचे स्वतंत्र प्रकरण आहे. हे इतर सावकारांसारखे साधे सावकार नव्हेत. यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, म्हणून यांना जागा देताना समुद्रकाठी देऊ नये, असा त्याचा रोख आहे. व्यापाऱ्याच्या तागडीमागची तलवार ओळखणे, हीच परराष्ट्रविद्येची पहिली इयत्ता होय.

विद्यापीठात मात्र ही विद्या उशिरा आली. पहिल्या महायुद्धाचा संहार पाहून, असे पुन्हा होऊ नये म्हणून १९१९ साली वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे या विषयाचे पहिले अध्यासन स्थापन झाले. आपल्याकडे १९५५ साली दिल्लीस आंतरराष्ट्रीय अभ्यासाची संस्था निघाली. ती १९७० साली जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सामील झाली. ते शिक्षण पदवीनंतरचे. पदवीच्या वर्गात हा विषय बहुतेक ठिकाणी राज्यशास्त्राच्या एखाद्या पेपरापुरताच राहिला. स्वतंत्र पदवी म्हणून तो मिळू लागला तो अलीकडे, आणि मुख्यतः मोठ्या शहरांत.

या पदवीत शिकवतात काय? राष्ट्राराष्ट्रांच्या व्यवहाराचा इतिहास, व्यापार आणि चलन, तहांचा कायदा, संयुक्त राष्ट्रांसारख्या संस्था, आणि राज्ये अशी का वागतात याविषयीचे निरनिराळे सिद्धान्त. राजधान्यांची नावे पाठ करणे म्हणजे ही विद्या नव्हे. पालाशाचे पोते महागले, तर ते कोणत्या खाणीतून निघाले, कोणत्या बंदरातून आले, कोणत्या निर्बंधाने अडले आणि त्यात कोणाचे हित साधले, हे क्रमाने शोधता येणे, ही ती विद्या.

आता त्या सद्गृहस्थांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. पोरीने वकिलातीत जावे, या एका आशेवर जमीन विकू नये. परराष्ट्र सेवेची परीक्षा कोणत्याही शाखेच्या पदवीधराला देता येते. ही पदवी तिची अट नाही. शिवाय साऱ्या देशातून दरसाल निवड होते ती मोजक्या काही डझन मुलांची. ज्याचे घर त्या एकाच आशेवर गहाण पडते, त्याच्यावर पुढे पश्चात्तापाची पाळी येते.

परंतु पोरीला विषयाचीच ओढ असेल, तर तिला अडवूही नये. जळगावच्या महाविद्यालयात राज्यशास्त्र घ्यावे; प्रतिभाताई पाटील याच गावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात शिकल्या, आणि २००७ साली राष्ट्रपती झाल्या. जोडीला अर्थशास्त्र घ्यावे. एक परकी भाषा नेटाने शिकावी, मग ती अरबी असो की रशियन. कारण दुसऱ्याचे वर्तमानपत्र ज्याला वाचता येत नाही, त्याला दुसऱ्याचे मन कळत नाही. तीन वर्षांनंतरही ओढ टिकली, तर पदव्युत्तर शिक्षणासाठी खुशाल दिल्ली गाठावी. आणि बाहेरच्या विद्यापीठात आधीच जायचे ठरले, तर फी भरण्यापूर्वी विचारावे: शिकवणारे कायमचे आहेत काय? ग्रंथालय कसे आहे? भाषा खरोखर शिकवता काय? मागच्या वर्षांची मुले आज कोठे आहेत? जेथे या प्रश्नांना रंगीत माहितीपत्रकाने उत्तर मिळते, तेथून परत यावे.

एक उणीव आम्ही लपवणार नाही. या विषयाची बहुतेक पुस्तके इंग्रजीत आहेत, आणि पुष्कळशी मोठ्या राष्ट्रांच्या खुर्चीवर बसून लिहिलेली आहेत. त्यांत कापूस आहे, पण कापूस वेचणारी बाई नाही. तो प्रश्न घेऊन कोण जाणार? ज्याच्या घरी कापूस येतो, त्याच्याच घरचे पोर गेले पाहिजे.

आषाढी एकादशीला आपल्या पिंप्राळ्यात पांडुरंगाचा रथ निघतो. दोर ओढणारे शेकडो असतात. परंतु चाकाखाली मोगरी लावून रथ वळवणारे आणि थांबवणारे थोडेच. जगाच्या रथाचा दोर आपण पिढ्यान्‌पिढ्या ओढत आलो. आपली एखादी पोरगी आता मोगरी हाती घ्यायला शिकू म्हणत असेल, तर बिघा न विकता तिला वाट कशी करून देता येईल, एवढाच विचार आपण घरी जाताना करावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.