सन, शके, संवत : घरच्या नोंदींतले आकडे
(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा लेखी पाठ)



बडोद्यात आपल्यापैकी अनेकांची घरे तीन-चार पिढ्यांपासून आहेत. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८७५ ते १९३९ या काळात, नोकरीसाठी आलेल्यांची नातवंडे-पतवंडे आज या सभागृहात बसली आहेत. घरोघरी ट्रंकांमध्ये दस्त, पत्रिका, दाखले, हिशेबाच्या वह्या पडून आहेत. हे सारे आता संगणकावर उतरवायला हवे, आणि त्यासाठी ‘टिडलीविकी’ हे एक चांगले, फुकट मिळणारे साधन आहे. जेरेमी रस्टन यांनी ते २००४ मध्ये आणले. सगळी वही एकाच फाइलमध्ये मावते आणि ब्राउझरमध्ये उघडते. प्रत्येक नोंदीला आपण हवे तितके रकाने जोडू शकतो : जन्मवर्ष, गाव, रक्कम, काहीही. मग ‘१९४५ पूर्वी जन्मलेले दाखव’ असे विचारले की तेवढ्याच नोंदी समोर येतात.

पण उत्तर बरोबर यायचे तर आकडा कसा लिहावा, हे आधी ठरवावे लागते. त्याबद्दल चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट. या वहीत रकान्यातले सारे काही अक्षरे म्हणूनच साठवले जाते. साधा क्रम लावला की तो शब्दकोशासारखा लागतो. वर्गणी ९, १० आणि १०० रुपये असेल, तर क्रम येतो १०, १००, ९. आकड्यांप्रमाणे क्रम हवा असेल तर ‘सॉर्ट’ऐवजी ‘एन-सॉर्ट’ वापरायचे. कमी-जास्त ताडून पाहायचे असेल तर ‘कंपेअर’ला ‘नंबर’ असे स्पष्ट सांगायचे.

दुसरी गोष्ट आपल्या जिव्हाळ्याची आहे. रकान्यात १९४० हे साल मराठी अंकांत लिहिले, तर यंत्राला ते संख्या म्हणून वाचता येत नाही. ते त्याला शून्य धरते. ‘अंदाजे’ या शब्दापासून सुरुवात केली तरी तेच. मग ‘१९०० पूर्वीचे’ विचारल्यावर आपली आजीही त्या यादीत जाऊन बसते! म्हणून मजकुरात मराठी अंक जरूर लिहा, पण रकान्यात नुसता इंग्रजी अंकांतला आकडा ठेवा. ‘अंदाजे’ हा शब्द शेजारच्या रकान्यात जाऊ द्या.

तिसरी गोष्ट मापाची. समजा, एक दस्त शके १८४५ चा आहे, एक वही संवत १९८० ची आणि एक दाखला इसवी सन १९२४ चा. हे तिन्ही कागद दोन वर्षांच्या आतले आहेत. पण आकडे जसेच्या तसे भरले तर दस्त वहीच्या १३५ वर्षे आधीचा ठरतो. यावर उपाय सोपा आहे. शकात ७८ मिळवा. तारीख जानेवारी ते गुढीपाडवा या दरम्यानची असेल तर ७९. गुजराती संवतातून दिवाळीच्या पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५७ वजा करा, जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत ५६. रकान्यात इसवी सनच भरा, आणि मूळ कागदावर जे लिहिले आहे ते नोंदीत जसेच्या तसे राहू द्या. रुपये-आण्यांचेही तसेच. तीन रुपये आठ आणे म्हणजे साडेतीन, ‘३.८’ लिहिले तर हिशेब चुकलाच.

चौथी गोष्ट. जन्मवर्षाचा रकानाच जोडलेला नसेल, तर ते माणूस ‘१९४५ पूर्वी’च्या यादीत येत नाही आणि ‘नंतर’च्याही नाही. यंत्र तक्रार करत नाही, ते नाव गुपचूप गाळते. म्हणून ‘ज्यांचे जन्मवर्ष भरलेले नाही’ अशी तिसरी यादी नेहमी काढा. खरे काम त्या यादीतच असते.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कुणी विचारेल. घरातल्या प्रत्येक नोंदीत दोन रकाने भरा : जन्मवर्ष, आणि त्या व्यक्तीशी जुन्या आठवणींबद्दल किती वेळा बसून बोललात तो आकडा. मग विचारा : जन्मवर्ष १९४५ पेक्षा कमी आणि बोलणे शून्य वेळा. जी नावे येतील ती आधी गाठायची. जुन्या फोटोतल्या मागच्या रांगेत कोण उभे आहे, मोडीतल्या पत्रातला ‘दादा’ म्हणजे नेमका कोण, हे फक्त त्यांनाच ठाऊक असते. कागद ट्रंकेत आणखी दहा वर्षे थांबतील. ही माणसे थांबतीलच असे नाही.

तेव्हा विसर्जनानंतर जी फुरसत मिळेल, तिचा पहिला रविवार या यादीतल्या पहिल्या नावासाठी राखून ठेवा, एवढीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!