कर्करोग हाडात उतरल्यावर उपचार संपतात काय?



आम्ही बँकेत कारकुनी करणारे, कला शाखेचे पदवीधर. वैद्यकशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तरीही या विषयावर बोलण्यास उभे राहिलो, याचे कारण आमच्या घरात घडले आहे. आमच्या थोरल्या मामांच्या हिरडीच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली होती. दीड वर्षाने त्यांची पाठ दुखू लागली. आम्ही वात समजून तेल चोळत राहिलो. पाय जड झाले तेव्हा तपासणी केली. रोग मणक्यात उतरला होता. "आता हाडात गेला, काय उपयोग?" असे म्हणत आम्ही आठ दिवस घरीच घालवले. त्या आठ दिवसांत मामांचे चालणे गेले, ते कायमचे.

'हाडात गेला' या शब्दांचे दोन अर्थ आहेत, हे आम्हास फार उशिरा कळले. गालाचा किंवा हिरडीचा रोग शेजारच्या जबड्याच्या हाडात शिरतो, तो एक प्रकार. तेथे बहुधा जबड्याचा भाग काढून पायाच्या नळीजवळील बारीक हाडाने तो पुन्हा घडवता येतो आणि रोग बरा करण्याचाच प्रयत्न असतो. रोगाच्या पेशी रक्तावाटे मणका, मांडी, बरगडी येथे जाऊन रुजतात, तो दुसरा प्रकार. तेथे रोग समूळ जाणे बहुधा शक्य नसते. परंतु वेदना, हाड मोडणे आणि पांगळेपणा यांवर उपचार आहेत.

पहिला उपचार किरणांचा. आपली माणसे त्याला 'लाईट' म्हणतात. केवळ वेदनेसाठी पुष्कळदा 8 ग्रे इतकी एकच मात्रा पुरते. पंधरा दिवस खेटे घालावे लागत नाहीत. साधारण दहापैकी सहा जणांना आराम पडतो, मात्र त्यास दोन ते चार आठवडे लागू शकतात. मांडीचे हाड पोखरले असेल तर ते मोडण्यापूर्वीच आत सळई बसवतात.

मणक्याचे प्रकरण मात्र तातडीचे असते. पाठदुखीसोबत पायात मुंग्या वा अशक्तपणा आला, लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मज्जारज्जूवरील दाब कमी करण्यासाठी स्टेरॉईड, शस्त्रक्रिया, किरण असे उपाय आहेत. उपचार सुरू होताना जो चालत असतो, त्याचे चालणे टिकण्याची आशा सर्वांत जास्त असते.

हाडांची झीज रोखण्यासाठी झोलेड्रोनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब ही इंजेक्शने देतात. त्याआधी दात तपासून घ्यावेत. कारण या औषधांनी क्वचित जबड्याचे हाड कुजते, आणि आपल्या रुग्णाच्या जबड्याला बहुधा किरण मिळालेलेच असतात.

सर्व शरीरासाठी रसायनोपचार आहेत, तसेच निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही प्रतिकारशक्ती जागवणारी औषधे आहेत. ती महाग. परंतु मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी तोंडावाटे घ्यायच्या स्वस्त गोळ्यांना निव्होलुमॅबच्या केवळ 20 मिलिग्रॅम मात्रेची जोड दिली. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे 16 टक्क्यांवरून 43 टक्क्यांवर गेले. गरिबाच्या खिशाचा विचार करूनही संशोधन होते, ही आम्हास मोठी गोष्ट वाटते.

शेवटी मॉर्फिन. 'व्यसन लागेल' या भीतीने आम्ही मामांना ते काही दिवस दिलेच नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतलेले मॉर्फिन म्हणजे व्यसन नव्हे. बद्धकोष्ठ होते, म्हणून सोबत रेचक देतात. 2014 साली कायद्यात बदल होऊन रुग्णालयांना ते ठेवणे सोपे झाले आहे. ते मिळू लागल्यावर मामा रात्री झोपू लागले. अखेरचे महिने त्यांनी नातवंडांशी बोलत काढले.

बंधू-भगिनींनो, डॉक्टरांना तीन प्रश्न अवश्य विचारा: रोग शेजारच्या हाडात आहे की दूरच्या? हाड मोडण्याचा किंवा मणक्यावर दाब येण्याचा धोका आहे काय? वेदनेसाठी आजच काय देता येईल? पैशाची अडचण असल्यास महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. त्यात शस्त्रक्रिया, किरणोपचार व रसायनोपचार येतात.

विद्यार्थी मित्रहो, घरात कागद वाचता येणारे बहुधा तुम्हीच असता. आजोबांची फाईल घेऊन तुम्ही सोबत जा, न लाजता विचारा. रोग बरा होणार नाही याचा अर्थ माणसासाठी काही करता येणार नाही असा होत नाही. हे आम्ही आठ दिवस उशिरा शिकलो. तुमचा एक दिवसही जाऊ नये, एवढीच इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.