कानस आणि मजुरी



पिस्तुलाचा नेम चुकू लागला की धनी आपल्या हाताला दोष देतो. जाणता कारागीर आधी चाप पाहतो. चाप अडखळला की हात हलतो. नळी दर बाराला त्याच जागी बसली नाही की गोळी भरकटते. इलाज म्हणजे कानस आणि धीर. (1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे अशा दुरुस्तीलाही परवाना लागतो, हे सांगून ठेवतो.)

सातारचे राज्य 1848 साली खालसा झाले. पटवर्धनांच्या मिरजेतही ढाल-तरवारीचे दिवस सरत चालले होते. तेथले फरीदसाहेब शिकलगार हत्यारे सोडून तंबोऱ्या-सतारींकडे वळले. कानस मात्र सुटली नाही. सतारीच्या घोडीचा माथा असा घासायचा, की तार त्याला निसटती शिवत गुंजावी. यालाच जवारी काढणे म्हणतात. केसभर जास्त घासले की नाद बसला! मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण ते वाद्याला.

आम्ही आयुष्यभर मजुरीचे करार लिहिले. सांगलीकडच्या एका कारखान्यात नगावर मजुरी ठरवली. सर्वांत नेमके काम करणाऱ्या फिटरचे नग सर्वांत कमी भरले, आणि तो नोकरी सोडून गेला. कलम आमच्याच हातचे होते.

पुढे मिरजेत एका कारागिराला आम्ही विचारले, जवारीला वेळ किती लागतो? तो म्हणाला, कान हो म्हणेपर्यंत. हे करारात कसे लिहावे, ते आम्हांला अजून साधलेले नाही.