परग्रहावरील वसाहत आणि धातूची एक कडी

पॅट्रिक नेस हे जन्मानें अमेरिकन लेखक. त्यांनीं किशोरवयीन वाचकांसाठीं तीन खंडांची एक विज्ञानकादंबरी लिहिली. तिचा दुसरा खंड ‘दि आस्क अँड दि आन्सर’ २००९ सालीं प्रसिद्ध झाला व त्यास त्या वर्षाचें कोस्टा पारितोषिक मिळालें. मधल्या मुलाच्या वाट्यास थोरल्याचें कौतुक येत नाहीं कीं धाकट्याचे लाड येत नाहींत. मधल्या खंडाचेंही बहुधा तसेंच होतें. येथें मात्र पहिल्या खंडांत धांवपळ फार, आणि वाचकाची झोंप उडविणारें सारें या दुसऱ्यांत आहे.

पूर्वकथा थोडक्यांत अशी. पृथ्वीवरील कांहीं माणसें एका परग्रहावर वसाहत करण्यास गेलीं. तेथील एका जंतूच्या योगें पुरुषांच्या मनांतील प्रत्येक विचार दुसऱ्यांस ऐकूं येऊं लागला; स्त्रियांचे विचार मात्र पूर्वीप्रमाणेंच गुप्त राहिले. या अखंड कोलाहलास वसाहतवाले ‘नॉइज’ म्हणजे गलबला म्हणतात. टॉड नांवाचा निरक्षर मुलगा आणि अवकाशयानांतून आलेली व्हायोला हीं दोघें जुलमी नगराध्यक्ष प्रेंटिस याच्यापासून पळत पळत हेवन शहरीं पोंचतात, तों तो तेथें आधींच येऊन बसलेला! टॉडची भाषा लेखकानें कानावर पडेल तशी लिहिली आहे; तिच्यांतील अशुद्धें शाळामास्तरांच्या डोळ्यांस प्रथम खुपतील, पण चार पानांनंतर तीं त्यांनाही गोड वाटूं लागतील.

हेवनच्या लोकांनीं गलबल्यावर औषध शोधून काढलेलें असतें. प्रेंटिस तें जप्त करतो व स्त्रीपुरुषांस विलग करतो. कोणाचें मन कोणीं ऐकावें हें ठरविण्याचा अधिकार असा एका माणसाच्या हातीं जातो, आणि मग त्याला तोफांची फारशी गरज उरत नाहीं.

याहून विदारक गोष्ट त्या ग्रहाच्या मूळ रहिवाशांची. वसाहतवाले त्यांना ‘स्पॅकल’ म्हणतात. त्यांना तोंडानें बोलण्याची भाषा नाहीं. त्यांचें बोलणें त्या गलबल्यांतूनच चालावयाचें. त्यांना तेंच औषध देण्यांत येतें, आणि एक सबंध लोकसमूह मुका होतो. नोकर मुका असला म्हणजे घर शांत राहतें, एवढाच विचार हेवनच्या सभ्य नागरिकांनीं केलेला दिसतो.

या मुक्या लोकांवर देखरेख करण्याचें काम टॉडकडे व प्रेंटिसचा मुलगा डेव्ही याच्याकडे येतें. जनावरांना ओळखीसाठीं घालावयाची धातूची कडी, क्रमांकासह, प्रत्येक स्पॅकलच्या दंडांत कायमची बसवावयाची, अशी आज्ञा होते. प्रारंभीं टॉडचें मन विटतें. परंतु मन रिकामें करण्याची युक्ति प्रेंटिस त्याला शिकवितो, आणि मुलगा ती चांगली शिकतो. त्याला कांहींच वाटेनासें होतें. पुढें तीच कडी शहरांतील स्त्रियांच्या दंडावर चढते, व ती चढविणारे हात पुन्हां त्याचेच असतात. कथानायकाला इतक्या खालीं नेण्याचें धैर्य मुलांसाठीं लिहिणाऱ्यांत क्वचितच आढळतें. असें पुस्तक मुलांच्या हातीं द्यावें काय, अशी शंका पालकांस येईल. अवश्य द्यावें, मात्र आईबापांनींही तें वाचावें.

दुसरी बाजू व्हायोला सांगते, आणि तीही स्वच्छ नाहीं. मिस्ट्रेस कॉइल ही निष्णात वैद्यीण प्रेंटिसविरुद्ध बंड उभारते. जखमा बांधणारे तिचेच हात बाँब पेरूं लागतात. एकदां तर ती व्हायोलाच्याच पिशवींत, तिच्या नकळत, बाँब ठेवते. आणि शहरांत शिरतां यावें म्हणून व्हायोला जेव्हां स्वतःच्या दंडांत ती कडी भरून घेते, तेव्हां टॉडला आपल्या हातचें काम आपल्या जिवलगाच्या अंगावर पाहावें लागतें.

स्पॅकलांची पुढें सरसहा कत्तल होते. तींतून १०१७ क्रमांकाचा एकटाच वांचतो. टॉड त्याला जाऊं देतो. तो टॉडचा द्वेष करीतच निघून जातो. ‘मॉन्स्टर्स ऑफ मेन’ हा तिसरा खंड २०१० सालीं आला व त्यास २०११ सालचें कार्नेगी पदक मिळालें. त्यांत टॉड व व्हायोला यांच्या जोडीस तिसरा निवेदक आहे, आणि तो हाच १०१७. त्याच्या दंडांत ती कडी अजून तशीच असते.